पासवर्ड बरोबर आहे तरी व्हेराक्रिप्टचा पेनड्राईव्ह उघडत नाही? आधी फॉरमॅटचं कॅन्सल दाबा, मग हे वाचा

सोमवारी सकाळी मी दादरला गाडी बदलत असतो तेव्हाच बहुतेक वेळा फोन येतो आणि पलीकडून ताईंचं तेच वाक्य, "दादा, परत उघडत नाहीये हो, आणि पासवर्ड मी शंभर टक्के बरोबर टाकतेय." परळमधली एक छोटी संस्था आहे, घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना सल्ला आणि वकील मिळवून देते, तिथली कॉम्प्युटरची कामं मी गेली काही वर्षं बघतो. त्यांच्या पेनड्राईव्हवर काय असतं तर बायकांचे जबाब, जखमांचे फोटो, हॉस्पिटलचे पेपर, आणि सगळ्यात नाजूक म्हणजे ती बाई आता कुठे राहतेय तो पत्ता. असा पेनड्राईव्ह लोकलमध्ये पडला आणि भलत्याच्या हातात गेला तर काय होईल ते सांगायला नको. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हाच आहे, पण कायदा नसता तरी आम्ही हे केलंच असतं. म्हणून सगळं व्हेराक्रिप्टमध्ये ठेवतो, ते फाइल्स एनक्रिप्ट करतं, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद करतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं.

आणि म्हणूनच ते उघडत नाही म्हटल्यावर सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. हा प्रॉब्लेम इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या कारणांनी आलाय की एकदा नीट लिहून ठेवतो, तुमच्याकडेही कुणी सीए असेल, वकील असेल, सोसायटीचा सेक्रेटरी असेल, त्यांना उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी हात मागे घ्या. खरंच. घाबरून माणूस जे करतो त्यानेच डेटा जातो, पासवर्डने नाही. फॉरमॅट नाही, विंडोजचं स्कॅन अँड फिक्स नाही, त्या ड्राईव्हवर एक फाइलसुद्धा कॉपी करायची नाही. जमत असेल तर आधी ड्राईव्हची इमेज काढा, लिनक्स मिंट किंवा उबुंटूमध्ये डिस्क्स नावाचं अॅप असतं, त्यात पार्टिशन निवडून क्रिएट पार्टिशन इमेज म्हटलं की पूर्ण पार्टिशनची एक फाइल तयार होते, आणि मजा अशी की व्हेराक्रिप्ट त्या इमेजला साधा कंटेनर, म्हणजे आत फाइल्स ठेवलेली एक कुलूपबंद फाइल, समजून उघडू शकतं, म्हणजे जे काही प्रयोग करायचे ते त्या कॉपीवर करा, मूळ ड्राईव्ह कपाटात.

आता तो एरर. इंग्रजीत येतो, आणि त्याचा अर्थ साधारण असा की पासवर्ड चुकला, किंवा पीआयएम (पासवर्डसोबत द्यायचा एक आकडा) चुकला, किंवा हॅश (पासवर्डातून किल्ली बनवायची पद्धत) चुकला, किंवा कीफाइल (पासवर्डच्या जोडीची फाइल) चुकली, किंवा हा व्हेराक्रिप्टचा व्हॉल्यूम, म्हणजे कुलूपबंद कंटेनर किंवा ड्राईव्ह, नाहीच. लोक चिडतात की नक्की काय ते सांग ना बाबा. पण ते सांगूच शकत नाही, आणि का ते कळलं की अर्धं काम सोपं होतं. व्हॉल्यूमच्या सुरुवातीला एक हेडर असतो, त्याचे पहिले 64 बाइट म्हणजे सॉल्ट, निव्वळ रँडम, आणि पुढचं सगळं एनक्रिप्टेड, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला तोही रँडम कचराच. कुठेही "मी व्हेराक्रिप्ट आहे" अशी पाटी नसते, मुद्दामच नसते. तुम्ही पासवर्ड टाकला की सॉफ्टवेअर त्यातून किल्ली बनवतं, हेडर उलगडून बघतं आणि आत सुरुवातीला रोमन लिपीतली व्हेरा ही चार अक्षरं दिसतात का, चेकसम (तपासणीचा आकडा) जुळतो का हे तपासतं. दिसली तर उघडलं. नाही दिसली तर पासवर्ड चुकला की हेडरच फाटलाय की तुम्ही भलताच ड्राईव्ह निवडलाय, त्याच्या दृष्टीने तिन्ही सारखंच.

वेळ लागतो तोही यामुळेच. पासवर्डवर डिफॉल्टने 5 लाख वेळा प्रक्रिया होते, आणि हॅश कुठला ते तुम्ही सांगितलं नसेल तर सगळे हॅश लावून बघितले जातात. जुन्या लॅपटॉपवर यात बराच वेळ जातो आणि लोकांना वाटतं हँग झालं, मग पेनड्राईव्ह उपटतात. उपटू नका. कुठल्या हॅशने बनवलंय ते माहीत असेल तर पासवर्डच्या खाली पीआरएफ म्हणून जागा आहे तिथे निवडा, पटकन उघडेल.

तर कारणं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा निघालेलं कारण म्हणजे कीबोर्ड. आपल्याकडच्या ऑफिसात अर्ज मराठीत टाइप करायचे असतात, म्हणून विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड घातलेला असतो, आणि विंडोजचं बटण अधिक स्पेस दाबलं की भाषा बदलते, चुकून दाबलं तरी बदलते. पासवर्डच्या चौकटीत दिसतात फक्त ठिपके. त्या दिवशी मी ताईंना म्हटलं, "ते डिस्प्ले पासवर्ड आहे ना खाली, त्यावर टिक करा आणि मला वाचून दाखवा." समजा पासवर्डची सुरुवात रोमन लिपीतल्या कोकिल या शब्दाने होती, तर ताई पलीकडून वाचतायत, "क, द, क, ग, त... अहो हे काय आलंय?" इनस्क्रिप्टमध्ये त्याच पाच बटणांवर ही पाच अक्षरं बसतात. बोटं बरोबर बटणांवरच पडत होती. टास्कबारवर म लिहिलेलं होतं ते इंग्रजी केलं, उघडलं.

याचंच उलटं प्रकरण जास्त वाईट असतं. व्हॉल्यूम बनवतानाच कीबोर्ड मराठीवर होता आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, दोन्ही वेळा ठिपकेच दिसले, दोन्ही वेळा सारखेच दाबले, व्हॉल्यूम बनला. साध्या व्हॉल्यूमला व्हेराक्रिप्ट देवनागरी पासवर्ड घेतं, काही तक्रार करत नाही. मग महिनाभराने इंग्रजीत टाकायला गेलं की उघडत नाही. एका वकीलबाईंचा असा कंटेनर दोन दिवस अडकला होता, शेवटी मराठी लेआउट लावून त्याच बटणांवर इंग्रजी समजून टाइप केलं आणि उघडला. उघडल्या उघडल्या व्हॉल्यूम टूल्समधून पासवर्ड बदलून घ्या, अशी गोष्ट लक्षात ठेवण्याच्या भरवशावर सोडायची नाही.

पासवर्ड वर्डच्या फाइलमधून किंवा व्हॉट्सॅपमधून कॉपी पेस्ट करत असाल तर शेवटी एक स्पेस चिकटून येते, किंवा वर्डने सरळ अवतरणचिन्हाचं वाकडं केलेलं असतं. हाताने टाइप करून बघा. आणि पासवर्ड व्हॉट्सॅपवर आहे म्हणजे तो बदलायची वेळ झालीय, केवळ उघडत नाही म्हणून नाही. ठेवायचाच आहे तर कीपासएक्ससी हे पासवर्ड जपणारं अॅप वापरा, तेही ओपन सोर्सच आहे.

पीआयएमचं थोडक्यात सांगतो. बनवताना यूज पीआयएम वर टिक करून कुणी आकडा घातला असेल तर तो प्रत्येक वेळी द्यावा लागतो, पासवर्डइतकाच तो महत्त्वाचा. रिकामं ठेवलं म्हणजे डिफॉल्ट 485. हिशोब असा की आकडा गुणिले 1000 अधिक 15,000, म्हणून 485 चे 5 लाख होतात. आमच्याकडे एकाने सुरक्षा वाढवायची म्हणून मोठा आकडा घातला आणि नोकरी सोडून गावाला गेला, तो आकडा मिळवायला चिपळूणला चार फोन करावे लागले.

कीफाइलवाल्यांनी हे वाचाच. कीफाइल म्हणजे पासवर्डच्या जोडीला एखादी फाइल, फोटो म्हणा गाणं म्हणा, ती असल्याशिवाय उघडत नाही. व्हेराक्रिप्ट तिचा पहिला 1 एमबी वाचतं आणि त्यातला एक बिट जरी बदलला तरी संपलं. आता लोक काय करतात, कीफाइल म्हणून गणपतीचा फोटो ठेवतात आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायला स्वतःलाच व्हॉट्सॅप करतात. व्हॉट्सॅप फोटो दाबून लहान करतं. दिसायला तोच गणपती, फाइल मात्र वेगळी. मूळ फोटो ज्या फोनने काढला त्यातून केबलने काढा, मिळाला तर उघडेल. एमपीथ्रीचंही तेच, प्लेअरने गाण्याचं नाव, अल्बमचं नाव दुरुस्त केलं की फाइलच्या सुरुवातीचा टॅग बदलतो, आणि नेमका सुरुवातीचाच भाग कीफाइलमध्ये धरला जातो. त्यापेक्षा व्हेराक्रिप्टच्या टूल्समध्ये कीफाइल जनरेटर आहे, त्यातून बनवलेली फाइल कुणी सुंदर करायला जात नाही.

"कालपर्यंत उघडत होतं, अपडेट केल्यावर बंद पडलं" असं असेल तर व्हॉल्यूम जुना आहे का बघा. व्हेराक्रिप्ट हे 2013 मध्ये ट्रूक्रिप्ट या तशाच जुन्या सॉफ्टवेअरच्या कोडवरून मुनीर इद्रासी यांनी सुरू केलं, आणि मे 2014 मध्ये ट्रूक्रिप्टवाल्यांनी एका दिवसात दुकान बंद केलं तेव्हा बरेच लोक इकडे आले, पण जुने व्हॉल्यूम तसेच ठेवून. बरीच वर्षं ट्रूक्रिप्ट मोडवर टिक करून ते उघडायचे. 2023 मध्ये आलेल्या 1.26 मालिकेपासून तो मोड काढून टाकलाय, रायपएमडी-160 हा हॅशही काढलाय. त्यामुळे जुना व्हॉल्यूम नव्या व्हर्जनमध्ये चुकीचा पासवर्ड असाच एरर देतो. उपाय म्हणजे 1.25.9 व्हर्जन व्हेराक्रिप्टच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, दुसरीकडून नाही, त्यात जुना व्हॉल्यूम उघडा, नवा व्हॉल्यूम बनवून त्यात सगळं हलवा आणि मग परत नव्या व्हर्जनवर या. जुनंच व्हर्जन वापरत बसू नका.

आता येतो तो फॉरमॅटचा डबा, ज्याच्यामुळे शीर्षकात कॅन्सल लिहिलंय. पूर्ण पेनड्राईव्ह किंवा पूर्ण पार्टिशन एनक्रिप्ट केलं की विंडोजला त्यात ओळखीचं काहीच दिसत नाही, सगळं रँडम, मग ते दर वेळी विचारतं की ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? आणि फॉरमॅट डिस्क हे बटण समोर. संस्थेत नवीन आलेल्या मुलीने बिचारीने ते दाबलं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं, चूक आमची. तिचा चेहरा मला अजून आठवतो, त्या ड्राईव्हवर अकरा बायकांच्या फाइल्स होत्या आणि दोन दिवसांनी कोर्टात तारीख होती.

तर असं झालं असेल तर अजून आशा असते. व्हॉल्यूमच्या सुरुवातीचे 128 केबी हेडरसाठी असतात आणि त्याचीच बॅकअप व्हॉल्यूमच्या अगदी शेवटच्या 128 केबीत असते. क्विक फॉरमॅट प्रामुख्याने सुरुवातीला लिहितो, शेपटी बहुतेक वाचते. म्हणून माउंट करताना, म्हणजे व्हॉल्यूम उघडून ड्राईव्हसारखा जोडताना, माउंट ऑप्शन्समध्ये जा आणि व्हॉल्यूममधला बॅकअप हेडर वापरा अशा अर्थाची टिक आहे ती लावा, मग पासवर्ड टाका. आमचं असंच उघडलं. पण उघडलं म्हणजे फाइल्स दिसल्या असं नाही, कारण फॉरमॅटने हेडरच्या पुढेही थोडं लिहिलेलं असतं, आतली फाइल सिस्टीम जखमी असते, आणि विंडोज आता त्या माउंट झालेल्या ड्राईव्हसाठी पुन्हा तोच फॉरमॅटचा प्रश्न विचारतं. परत कॅन्सल. मग टेस्टडिस्क किंवा त्याच्याच जोडीचं फोटोरेक, दोन्ही ओपन सोर्स, ते त्या माउंट झालेल्या ड्राईव्ह लेटरवर चालवा आणि सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर काढा. ती दुसरी डिस्कसुद्धा एनक्रिप्टेडच हवी हे विसरू नका, घाईत लोक डेस्कटॉपवर काढतात आणि जे इतकी वर्षं जपलं ते उघड्यावर पडतं. फोटोरेक फाइलची नावं परत देत नाही, नुसते नंबर, त्यामुळे आम्ही रात्री साडेअकरापर्यंत एकेक पीडीएफ उघडून कुणाचं काय ते लावत बसलो होतो. अकरापैकी दहा जणींचं पूर्ण मिळालं, एकीचे दोन फोटो गेले, ते तिच्या वकिलाकडे प्रिंटमध्ये होते.

हे मात्र क्विक फॉरमॅटपुरतंच. क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल तर विंडोज अख्ख्या ड्राईव्हवर शून्य लिहितं, मग काही उरत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या पार्टिशनचं ड्राईव्ह लेटर काढून टाका, विंडोज मग विचारणारच नाही, आणि व्हेराक्रिप्टमध्ये सिलेक्ट डिव्हाइस म्हणून निवडा. हे प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळं करावं लागतं. म्हणून आम्ही आता पेनड्राईव्हसाठी पूर्ण पार्टिशनचा नाद सोडला आणि साध्या पेनड्राईव्हवर एक कंटेनर फाइल ठेवतो. त्यात विंडोज फॉरमॅटचं विचारत नाही. पण कंटेनरला स्वतःचा एक त्रास आहे, तो म्हणजे अर्धवट कॉपी. फॅट32 वर एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही, किंवा कॉपी चालू असताना कुणी ड्राईव्ह काढतं, आणि फाइल अर्धीच येते. अशी फाइल कधी उघडतेही, पण पुढचं सगळं खराब, आणि शेवटचा बॅकअप हेडर तर आलेलाच नसतो. दोन्हीकडच्या साइज बाइटमध्ये जुळवून बघा, जीबीमध्ये नाही.

उघडतं पण आतल्या फाइल्स बिघडलेल्या निघतात, जुन्या ठीक आणि नंतर टाकलेल्या खराब, असं असेल तर मला पहिला संशय पेनड्राईव्हवरच येतो. स्टेशनबाहेर टेबलावर अगदी स्वस्तात भला मोठा ड्राईव्ह मिळतो, त्यात आत चिप छोटी असते आणि कंट्रोलर खोटी साइज सांगतो. खऱ्या जागेपलीकडे लिहिलेलं कुठेच जात नाही. एफथ्री नावाचं ओपन सोर्स टूल पूर्ण ड्राईव्ह भरून परत वाचून तपासतं, नवीन ड्राईव्ह घेतला की आधी ते चालवा. लॅमिंग्टन रोडला गेलात तरी बिल घ्या आणि घरी येऊन तपासा. दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

हेडरची बॅकअप ही एक गोष्ट सगळ्यांनी आजच करा. टूल्समध्ये बॅकअप व्हॉल्यूम हेडर आहे, छोटीशी फाइल बनते, ती दुसऱ्या जागी ठेवायची. दुसरी जागा म्हणजे त्याच टेबलाचा दुसरा ड्रॉवर नाही. संस्थेचं ऑफिस तळमजल्यावर, हिंदमाताचं पाणी दर पावसाळ्यात आपल्याला माहितीये, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला तेव्हा तळमजल्यांचं काय झालं तेही. आम्ही एक कॉपी डोंबिवलीला एका ट्रस्टीकडे ठेवतो.

याच बॅकअपचा एक मोठा उपयोग आहे जो फार जणांना माहीत नसतो. पासवर्ड बदलला की फक्त हेडर बदलतो, आतली मूळ किल्ली तीच राहते. म्हणजे असं करता येतं की व्हॉल्यूम मी माझ्या पासवर्डने बनवला, हेडरची बॅकअप घेतली, मग ताईंनी तो पासवर्ड बदलून स्वतःचा ठेवला. उद्या ताई पासवर्ड विसरल्या तर माझा जुना हेडर रिस्टोर करायचा, माझ्या पासवर्डने उघडतो, ताई परत नवा ठेवतात. आमच्याकडे हे दोनदा कामी आलं. पण याची दुसरी बाजूही समजून घ्या. पासवर्ड कुणाला कळला म्हणून तुम्ही बदलला, आणि जुना हेडर त्या माणसाकडे असेल, तर तो जुन्या पासवर्डने अजूनही उघडू शकतो. अशा वेळी पासवर्ड बदलणं पुरेसं नाही, नवीन व्हॉल्यूम बनवून डेटा हलवावा लागतो. संस्थेतून कुणी भांडून गेलं की मी हेच करतो, आळस करत नाही. तो बॅकअप हेडर आणि माझा पासवर्ड हेही ट्रस्टींच्या संमतीने, बंद पाकिटात, कुणाकुणाला माहीत आहे ते लिहून ठेवलंय.

बॅकअप हेडर नाही आणि पासवर्ड खरंच विसरलात तर मागचा दरवाजा नाही. कुणी डेटा रिकव्हरीवाला "काढून देतो" म्हणून आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका, पासवर्ड भक्कम असेल तर त्याचा बराचसा भाग आठवत असल्याशिवाय कुणालाच ते जमणार नाही. आठवत असेल तर कागद घ्या, कॅपिटल कुठे, आकडा कुठला, शेवटी उद्गारचिन्ह होतं का, एकेक लिहून खोडत जा, आणि दर वेळी कीबोर्डची भाषा बघा.

गूगल ड्राईव्हसारख्या क्लाउडवर कंटेनर सिंक होत नाही असंही बरेच जण विचारतात. त्याचं नेहमीचं कारण म्हणजे व्हेराक्रिप्ट कंटेनरची तारीख मुद्दाम बदलत नाही, म्हणून क्लाउडला वाटतं काही बदललंच नाही. प्रेफरन्सेसमध्ये तारीख जपण्याची टिक आहे ती काढा, आणि माउंट असताना सिंक होऊ देऊ नका. क्लाउडसाठी खरं तर क्रिप्टोमेटर बरं, ते प्रत्येक फाइल वेगळी एनक्रिप्ट करतं.

आणि सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात उघडत नाही अशी तक्रार असेल तर तिथे अॅडमिनचे हक्क नसतात म्हणून व्हेराक्रिप्टचा ड्रायव्हर चढत नाही. तिथे उघडायचा प्रयत्नच करू नका. जी एक फाइल प्रिंट करायची तेवढीच वेगळी न्या, आणि परत आल्यावर तिथल्या डाउनलोड्समधून काढलीत का ते आठवा.

एवढं करूनही अडलं तर खाली लिहा, बघतो. लिहिताना कंटेनर आहे की पूर्ण पार्टिशन, व्हेराक्रिप्टचं व्हर्जन कुठलं, शेवटचं कधी आणि कुठल्या कॉम्प्युटरवर उघडलं होतं, फाइलची साइज बाइटमध्ये किती, फॉरमॅट दाबलं गेलं का, आणि मधे कीबोर्ड, विंडोज किंवा माणूस बदललाय का एवढं सांगा. पासवर्ड, पीआयएम, कीफाइल कुणालाही पाठवू नका, मलाही नाही, आणि स्क्रीनशॉट टाकण्याआधी त्यात कुठल्या बाईचं नाव असलेली फाइल दिसत नाहीये ना ते दोनदा बघा.